सूर्यास्तापूर्वीचा प्रचार

बुधवार, ६ नोव्हेंबर, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे. कामरगावात आमच्या सभेचे यजमान पुंजाजी यांच्या ओसरीवर एकवीस ताटे मांडली होती. वीस ताटांवर माणसे बसली. एकविसावे ताट उमेदवाराचे होते, आणि उमेदवार चंदनाताई त्या ताटासमोर हात जोडून उभ्या होत्या.

"काकू, माफ करा. दिवस मावळल्यावर मी काई घेत नाई."

पुंजाजींच्या पत्नी रंगूबाई भाजीचे पातेले घेऊन वाढायला आल्या होत्या. त्या जागीच थांबल्या.

"जरासंक घ्या. चवीपुरतं."

"नाई जमत, काकू."

"बरं, पानी तं घ्या."

"पानीबी नाई."

रंगूबाईंनी ते ताट उचलले आणि आत नेले. त्यानंतर त्या बाहेर आल्या नाहीत. जेवणानंतरच्या सभेत पुंजाजींनी दोन शब्द बोलावे असे ठरले होते. घसा बसल्याचे सांगून त्यांनी ते टाळले. तोवर मात्र ते चांगल्या मोठ्या आवाजात पंक्तीला आग्रह करीत होते.

चंदनाताईंचे कारंज्याला पंप आणि तुषार संचाचे दुकान आहे, व दुकानामागे पंपांच्या मोटारी दुरुस्त करण्याचा कारखाना. सासरे कस्तुरचंद यांच्यानंतर गेली बारा वर्षे त्या तो व्यवसाय एकटीच्या जोरावर सांभाळतात. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यापासून मी याच कारखान्यात फोरमन आहे; एकतीस वर्षे झाली. या वर्षी त्या विधानसभेला अपक्ष उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितले, "धनसिंगकाका, भाषणं मी करीन. वेळापत्रक तुमी करा."

वेळापत्रक मी केले. रस्त्यांची अंतरे, गाडीचा वेग, प्रत्येक गावात लोक शेतातून परतण्याची वेळ, हे सर्व मांडून मी सभा सायंकाळी सात ते दहा या वेळेत बसवल्या. जैन घराण्यात सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य असते, हे मला एकतीस वर्षांपासून ठाऊक होते. म्हणून पाच वाजता गाडीतच ताईंच्या जेवणाची व्यवस्था मी लिहून ठेवली होती. उमेदवार उपाशी राहणार नाही, एवढे मी पाहिले. दारी आलेल्या पाहुण्याने पाण्यालाही नकार दिला तर घरधनिणीला काय वाटेल, हे मात्र माझ्या वेळापत्रकात कोठेच नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती.

ती चूक किती महाग पडणार, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. समोरच्या उमेदवाराच्या माणसांनी एक ओळ मोबाईलवर सोडली होती: "हिला आमचे मत चालते, आमच्या हातचे पाणी चालत नाही." दुपारपर्यंत ती मला चार ठिकाणांहून आली. त्यांतील एक ठिकाण माझ्या सख्ख्या मेहुण्याचे होते.

कामरगाव आणि त्याला लागून असलेली खेडी यांत मिळून अकरा मतदान केंद्रे होती. दोन मोठ्या पक्षांच्या उमेदवारांमध्ये अपक्षाला निवडून यायचे असेल, तर ही अकरा केंद्रे हातची जाऊन चालणार नव्हते. मी दुकानात आलो तेव्हा ताई, त्यांचे यजमान पुनीत आणि सासूबाई सुंदरबाई तिघेही आतल्या खोलीत बसले होते.

पुनीत म्हणाला, "अकरा दिवसांचा प्रश्न आहे. जिथं जाशील तिथं एक घोट पाणी घे, बस. निवडणूक झाली की महाराजांपाशी जाऊन प्रायश्चित्त घेऊ."

"म्हणजे प्रायश्चित्ताची तारीख आधी ठरवायची आणि मग चूक करायची?" ताई म्हणाल्या. "जळकी मोटार गॅरंटी-कार्ड देऊन विकल्यासारखं झालं हे."

"मग घरी बस. कामरगाव गेलंच आहे."

सुंदरबाई आतापर्यंत माळ ओढीत होत्या. त्यांनी ती बाजूला ठेवली. "कामरगावात काय रात्रच राह्यते का रे? सकाळ होत नाई तिथं? ही रात्री जेवत नाई, दिवसा तं जेवते! दिवसा जाय म्हणा त्या रंगूबाईकडं, आन् हात धुऊन माग म्हणा जेवाले."

मग ताईंनी माझ्याकडे पाहिले.

मला आक्षेप नोंदवणे भाग होते. दिवसा गावात कोणी नसते. कपाशीची वेचणी सुरू होती, हरभऱ्याची पेरणी चालली होती. सर्व लोक शेतात. शेताशेतांत फिरायचे तर दिवसाला फार तर चौदा ठिकाणे होतील आणि प्रत्येक ठिकाणी पंधरा माणसे भेटतील. अकरा दिवसांत दोन हजार तीनशे दहा. उलट रात्री रोज तीनशे लोकांच्या दोन सभा धरल्या, तर सहा हजार सहाशे.

"काका," ताई म्हणाल्या, "ते तीनशे मोजले कधी? मागच्या गावातले पोट्टे गाड्यांवर बसून पुढच्या गावात येतात. कालचा लाल टोपीवाला मी सलग तीन सभांत पाह्यला."

मी कालच्या सभेची छायाचित्रे मागवून माणसे मोजली. दोनशे अठ्ठ्याऐंशीपैकी एकशे चाळीस आमचीच होती. मी जुने वेळापत्रक फाडले. नव्या वेळापत्रकात दिवस सकाळी साडेसहाला सुरू होत होता आणि सायंकाळी साडेपाचला संपत होता.

शुक्रवार, ८ नोव्हेंबरला सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही पुंजाजींच्या वावराच्या बांधावर उतरलो. रंगूबाई बारा बायांबरोबर कापूस वेचत होत्या. आमची गाडी पाहिली आणि त्यांनी पाठ फिरवली.

ताई कपाशीच्या तासातून चालत थेट त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. "काकू, राम राम."

"आता कायले आल्या?" रंगूबाई बोंडाकडे पाहत म्हणाल्या. "पानी तं चालत नाई तुमाले आमचं."

"आता दिवस हाये, काकू. आता पानी द्या, भाकर द्या. घरून उपाशी निघाली मी."

"उपाशी?"

"सकाळपासून चहाबी नाई."

रंगूबाईंनी प्रथमच वळून पाहिले. निंबाखाली शिदोऱ्या ठेवल्या होत्या. त्या तिकडे निघाल्या आणि त्यांच्यामागे वेचणीच्या सर्व बाया. अशा प्रसंगी काम कोणी चालू ठेवीत नाही.

"वांग्याची भाजी हाये," फडके सोडत रंगूबाई म्हणाल्या. "झनझनीत."

"वांगं चालत नाई, काकू."

"मंग हे आलूचं घ्या, मोतीबाईच्या डब्यातलं."

"आलू जमिनीखालचा. तोबी नाई."

"कांदा?"

"नाई."

"लसूण?"

"नाई."

"मेथी तं खात असान ना, मेथी?"

"पौर्णिमेलोक चातुर्मास हाये. तोवर पालाबी बंद."

"अवो बाई," मोतीबाईने कपाळावर हात मारला, "मंग जगता कशाच्या भरवशावर तुमी?"

बाया पोट धरून हसल्या. ताईही हसल्या. रंगूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या फडक्यावर दोन्ही हात ठेवून विचार करीत होत्या.

"माही सासू अशीच होती," त्या म्हणाल्या. "आषाढात धरे, ते कार्तिकात सोडे. कांदा नाई, लसूण नाई, वांगं नाई. तिच्या पायी आमालेबी चार महिने उपास. तिच्यासाठी म्या जवसाची चटणी बिनालसनाची करत जाओ. ते तोंडाले अशी बसली का आजबी तशीच करतो." त्यांनी एक पुडी सोडली. "हे घ्या. आन् भाकर. आता नाई म्हनसान तं पाहा."

ताई मातीत मांडी घालून बसल्या. त्यांनी पूर्ण एक भाकर खाल्ली, दुसरी मागितली आणि तीही संपवली. मग तांब्याला आपला रुमाल लावून पाणी गाळले आणि प्यायल्या. रंगूबाई समोर बसून एकेक घास मोजल्यासारखे पाहत होत्या.

"परवा सांगतलं असतं तं दिवस बुडायच्या आंदर वाढलं असतं," अखेरीस त्या म्हणाल्या. "गावात मान गेला ना माहा."

"चुकलं, काकू."

"चूक माझी," मी म्हणालो. "वेळ मी ठरवली होती."

रंगूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमी शिकलेले दिसता," त्या म्हणाल्या, आणि बाया पुन्हा हसल्या.

त्यानंतर त्यांनी ताईंना सरळच विचारले, "निवडून आल्या तं करसान काय? सारे येतात, हात जोडतात, आन् जातात."

"तुमी सांगा, काय करू?"

"हे पाहा." त्यांनी विहिरीकडे बोट दाखवले. "आमची मोटार तुमच्याच दुकानातली. चांगली हाये, तक्रार नाई. पण लाईन येते रात्री बाराले. म्हातारा माणूस थंडीत बॅटरी घेऊन हरभऱ्याले पानी द्यायले येते. मागच्या साली साप पायावरून गेला त्याईच्या. दिवसा लाईन द्यायले काय होते यांचं?"

ताईंनी विहिरीकडे पाहिले. त्या व्यापारी आहेत. जे देता येत नाही त्याचा शब्द त्या ग्राहकालाही देत नाहीत.

"काकू, मी मोटारवाली हाये, लाईनवाली नाई. उद्यापासून दिवसा लाईन येईन असं मी म्हनलं तं खोटं होईन. पण तिथं बोलायले पयल्यांदा उभी राह्यली, तं याच्यासाठीच उभी राहीन. आन् होत नाई तोवर उभीच राहीन."

रंगूबाईंनी बायांकडे पाहिले. मग मोठ्याने, पलीकडच्या वावरातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बराबर हाये! जे बाई सोता रात्री पानी पेत नाई, तेच आमच्या पिकाले दिवसा पानी देईन. बाकीचे तं रात्रीच पेतात!"

पलीकडच्या वावरातून हशा ऐकू आला. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले, परंतु त्याची आवश्यकता नव्हती. आम्ही चौथ्या शेतात पोहोचण्यापूर्वीच ते तेथे पोहोचले होते.

पुढील दहा दिवसांत माझे वेळापत्रक दररोज मोडले आणि मला त्याचे दुःख झाले नाही. बाया आदल्या दिवशीच निरोप ठेवीत: उद्या आमच्या वावरात, बिनाकांद्याचे वरण करतो. एका गावात तीन बांधांवर तीन ठिकाणी ताईंची न्याहारी ठरली आणि तिन्ही ठिकाणी त्या जेवल्या. पुनीतने गाडीत पाचकाची बाटली ठेवली. विरोधकांची ती ओळ अजूनही फिरत होती. पण आता तिच्याखाली लोक रंगूबाईंचे वाक्य जोडून पाठवीत होते, आणि माझ्या मेहुण्यानेही ते पाठवले. पुंजाजींचा घसा सुटला. बुधवारी आठवडी बाजारात ते एका टपरीसमोर उभे राहून चाळीस मिनिटे बोलले. चौदा गुणिले अकरा म्हणजे एकशे चोपन्न शेते मी धरली होती. १८ नोव्हेंबरला प्रचार संपला तेव्हा एकशे एकसष्ट झाली होती.

शनिवार, २३ नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता मतमोजणी सुरू झाली. ताईंचा प्रतिनिधी म्हणून मी आत होतो. मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. माझ्याजवळ पेन्सिल आणि आखलेला कागद होता. एकूण पंचवीस फेऱ्या होत्या. आम्ही पहिल्या फेरीपासून दुसऱ्या क्रमांकावर होतो. बाविसावी फेरी संपली तेव्हा दोन हजार आठशे सेहेचाळीस मतांनी मागे होतो. समोरच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीने पेढ्यांचा बॉक्स केव्हा आत आणता येईल, याची चौकशी केली.

ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. "काका, पेन्सिल काहून थांबली?"

"कामरगावची केंद्रे तेविसाव्या आणि चोविसाव्या फेरीत आहेत," मी म्हणालो. "त्यांच्यासाठी टोक काढतो आहे."

तेविसाव्या फेरीत आम्हाला एक हजार नऊशे बारा मते अधिक मिळाली. पिछाडी नऊशे चौतीसवर आली. समोरच्या प्रतिनिधीने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली. चोविसाव्या फेरीत कामरगावच्या एका केंद्राचे यंत्र उघडले आणि अधिकाऱ्याने आकडे वाचले. मी ते ऐकून पुन्हा विचारले, कारण एकतीस वर्षांत मी एकदाच ऐकलेले माप कधी लिहिले नाही. त्याने तेच आकडे पुन्हा वाचले. ती फेरी एक हजार सहाशे पंचावन्नने आमची झाली. सातशे एकवीसची आघाडी.

ध्वनिक्षेपकावरून ती बाहेर जाहीर झाली तेव्हा भिंतीपलीकडून जो आवाज उठला, त्यात पुरुषांचा आवाज मला ऐकूच आला नाही. दोन जीप भरून कामरगावच्या बाया आल्या होत्या. अडथळ्याच्या बांबूला धरून रंगूबाई ओरडत होत्या, "आरे, अजून एक फेरी हाये ना? मोजा लवकर! आमाले वेचाले जायचं हाये!"

आतल्या पोलिसालाही हसू आवरले नाही. ताईंनी डोळ्यांवर पदर धरला होता. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मी पाहिले नाही, कारण पंचविसावी फेरी सुरू झाली होती. तीही आम्ही जिंकली, चारशे बावन्न मतांनी. मग नियमाप्रमाणे पाच केंद्रांच्या चिठ्ठ्यांची पडताळणी झाली आणि प्रत्येक चिठ्ठी यंत्राशी जुळली. दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी निवडणूक निर्णय अधिकारी उभे राहिले. मी बेरीज तीनदा तपासून पेन्सिल खाली ठेवली.

चंदनाताई, अपक्ष, विजयी. मताधिक्य : १,१७३.