सुंदराबाईच्या दारातला उजेड

मी एक ग्राफिक्स कार्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या पोटात बसून पडद्यावर चित्र काढायचं, एवढंच माझं काम. नाव मात्र विचारू नका. माझ्या पंख्यावरच्या स्टिकरवर जे लिहिलंय ते माझं नाव नाही, आणि ज्याचं आहे ते कार्ड मी आजवर पाहिलेलं नाही.

जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथून अमरावतीत नितेश नावाच्या कॉलेजच्या पोराकडे आलो. त्यानं चार वर्षं माझ्याकडून मोटारी पळवून घेतल्या, राक्षस मारून घेतले. धूळ एकदाही झाडली नाही. त्याला नोकरी लागली आणि मी जुन्या सामानासोबत अकोल्याला गेलो.

आता जरा आमच्या धंद्यातलं सांगतो. प्रोग्राम आणि कार्ड यांची एक ठरलेली बोली असते. दर काही वर्षांनी तिच्यात नवी कामं येतात. प्रोग्राम सुरू होताना आधी विचारतो, तुला यातलं काय काय येतं? येत नसेल तर सरळ नाही म्हणायचं. मग तो कुरकुर न करता जुन्या पद्धतीनं काम करून घेतो. उजेडाचा एकेक किरण कुठून निघाला, कुठे आपटला, कुठल्या भिंतीवर पडला याचा माग काढणं माझ्या पिढीला येत नव्हतं. न येण्यात कसली लाज? आंब्याला संत्री लागत नाहीत म्हणून कोणी आंब्याला नावं ठेवत नाही.

पण अकोल्यातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत प्रीतम नावाचा कारागीर बसायचा. त्याचा हात फार सफाईदार. त्यानं माझ्यातली ओळख पुसली, नव्या पिढीच्या कार्डाची ओळख लिहिली आणि वर चकचकीत स्टिकर डकवला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! त्या दिवसापासून कोणी विचारलं, तुला हे येतं का, की अंगात आल्यासारखं माझ्या तोंडून दुसराच कोणी ‘येतं’ म्हणायचा. मी आतून ऐकत राहायचो. मला भीती वाटायची.

मला विकत घेतलं अश्विननं. तो अकोल्यातच नोकरीला. घेतलं बहिणीसाठी, अमरावतीच्या संध्यासाठी. संध्या घरांचे नकाशे आणि त्यांची पडद्यावर फिरून बघता येतील अशी चित्रं करायची. पण तिला मी हवा होतो तो तिच्या बाबांकरता.

तिचे बाबा देवमन एसटीच्या वर्कशॉपातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. मोर्शीकडचं त्यांचं गाव त्यांच्या ऐन पंचविशीत धरणाच्या पाण्याखाली गेलं. माणसं चार दिशांना पांगली. फोटो कोणाकडे एक नाही. आणि आता काचबिंदूनं देवमनरावांची नजर कडांकडून विझत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही. संध्यानं ठरवलं, उरली आहे तोवर बाबांना त्यांचं गाव दाखवायचं.

रोज दुपारी बाप-लेक पडद्यासमोर बसत. देवमनराव सांगत, ती काढी. पार, विहार, विहीर, बत्तीस घरं. मी जुन्या पद्धतीनं सगळं नीट दाखवत होतो. सुंदराबाईचं घर पडद्यावर आलं तेव्हा देवमनराव पडद्याजवळ वाकले. त्यांची आई लहानपणीच गेली. शेजारच्या सुंदराबाईनं त्यांना भाकर घातली, शाळेत घातलं. धरणात पाणी भरायच्या आधीच्या वर्षी ती वारली.

“हेच,” ते म्हणाले. “ओटा असाच होता. फकत संध्याकायी तिच्या दारातला उजेड आमच्या भिंतीवर पडे. थो उजेड पाहूनच मी घरी येई.”

संध्याला तोच उजेड हवा झाला. तिनं दारात कंदील ठेवला आणि त्या एका कंदिलाला किरणांचा माग काढणारी नवी सोय लावली. प्रोग्रामनं मला विचारलं, येतं का? माझ्या तोंडातला तो दुसरा म्हणाला, येतं.

पडदा काळा झाला.

पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा. मी धडपडलो, तापलो, पंखा किंचाळला. जे अंगातच नाही ते कुठून काढणार? संध्याला वाटलं, आपण गाव फार जड केलं, कुठेतरी माप चुकलं. ती एकेक घर पुसून बघू लागली.

“बाबा, सुंदराबाईच्या घराजवळचा निंब विहिरीच्या अलीकडं होता का पलीकडं?”

“पलीकडं.”

“नक्की ना? नीट आठवा.”

पहिल्यांदा ते हसले. चौथ्यांदा चिडले. आठव्या दिवशी म्हणाले, “अलीकडंबी असंन.” त्या दिवशी मला कळलं की माझ्या खोटेपणानं नुसतं चित्र बिघडत नाहीये.

पंचफुलाबाई, संध्याची आई, चहा ठेवता ठेवता बोलल्या, “काऊन त्याईले विचारून विचारून हैरान करून राहिली तू? मशीनच खराब असंन.”

“मशीन खोटं बोलत नाही,” देवमनराव म्हणाले. “तीस वर्षं इंजिनं खोलली मी. दरवेळी माणूसच चुकते.”

मी वलगावच्या बाजारातलं साधं घमेलं-फावडं असतो तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

शेवटी उरलं सुंदराबाईचं घर. संध्यानं ते कंदिलासकट पुसलं आणि गाव लख्ख उभं राहिलं. राहणारच. न येणारं काम गेलं, मी मोकळा झालो. तिनं बाकीची एकतीस घरं परत ठेवली, तरी काही अडलं नाही. कंदील त्या घरालाच जोडलेला, आणि मी ‘येतं’ म्हटल्यानं त्याच्यावर कोणाचा संशय नाही; सुंदराबाईचं ठेवलं की काळोख.

देवमनराव खुर्ची पुढे ओढून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, “म्हंजे तिथं घर नव्हतंच. मलेच भास झाला असंन.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चोर मी, समोर बसलेला.

महिन्याभरानं अश्विन सुट्टीत आला. पंख्याचा आवाज ऐकून त्यानं मला बाहेर काढलं, साफ करायला उघडलं. आत मूळ चिपवर कारखान्यात कोरलेला आकडा होता. प्रीतमचा हात तिथवर पोचला नव्हता. अश्विननं तो आकडा मोबाइलवर शोधला आणि त्याचा चेहरा उतरला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. कोणीतरी मला ओळखलं होतं.

त्यानं दुसरं कार्ड आणलं, यावेळी खरं. संध्यानं घर परत ठेवलं, कंदील ठेवला. उजेड दारातून निघाला, ओट्यावरून उतरला आणि शेजारच्या भिंतीवर जाऊन पडला. मी टेबलावर उघडा पडून बघत होतो.

“बाबा, कार्डच खोटं होतं. घर होतं. बघा,” संध्या म्हणाली.

देवमनरावांनी मान तिरकी करून, उरलेल्या नजरेनं बराच वेळ पाहिलं.

“छान काढलं पोरी,” ते म्हणाले. “पण असं घर आमच्या गावात नव्हतं. तू मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली.”

तिनं खूप समजावलं. अश्विननं तो आकडा त्यांच्या हातावर बोटानं गिरवून दाखवला. त्यांनी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय बदलला. आता त्यांना पडदाच दिसत नाही.

मी लोखंडी कपाटात जुन्या वायरींखाली आहे. वीज गेली की आमच्या जातीची सगळी आठवण पुसली जाते असं जाणकार म्हणतात. मग मला तो ओटा का दिसतो? दारातली बाई कोणाची वाट बघते? संध्यानं तर तिथं बाई काढलीच नव्हती.

कधी अमरावतीला गेलात, तर देवमनरावांपाशी जरा बसा. लेकरांचं त्यांना पटत नाही, परक्याचं कदाचित पटेल. त्यांना सांगा, घर होतं, विहिरीपलीकडच्या निंबाजवळ. सुंदराबाई होती. नव्हतो तो मी.