बदली घर

साथीत किती माणसं दगावली याचा अंदाज बांधणं हे अत्यंत गंभीर शास्त्र आहे. त्यासाठी कचेरीत एक संगणक, एक साहेब आणि एक मावशी एवढी सामग्री होती.

संगणकाने निवडलेल्या घरांना दर महिन्याला फोन करून विचारायचं, "या महिन्यात घरातलं कोणी वारलं का?" हे काम मावशींचं. लोक शिव्या घालत, फोन आपटत. टेलिफोन खात्यात हयात घालवलेल्या मावशी शांतपणे पुढचा नंबर फिरवत.

अपवाद घड्याळवाल्या आजोबांचा. ते एकटेच राहत आणि या फोनची वाट बघत.

"घरातलं कोणी वारलं का, आजोबा?"

"थांब, बघून येतो." रिसीव्हर ठेवून ते खरंच आत जाऊन येत. "नाही गं. आहे अजून. चहा पितोय."

"काळजी घ्या."

"घेतो. पण मुली, मी गेलो तर तुला सांगणार कोण?"

"मला कळेल. तुम्हाला मोजल्याशिवाय सोडत नाही मी."

"बघ हं. शब्द दिलास."

पुढच्या महिन्यात फोन नुसताच वाजत राहिला. मावशी रोज लावत राहिल्या. शेवटी शेजारणीने उचलला.

"ते गेले हो, गुरुवारी. साथीतच. मी घर आवरायला आलेय. एवढी घड्याळं टिकटिकतायत, बंद कशी करायची तेच कळेना."

मावशींनी चष्मा पुसला, 'मृत्यू : एक' असं लिहिलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब वाईट नव्हते. फक्त नियमावली त्यांनी स्वतः लिहिली होती.

"मावशी, शेजाऱ्यांचं उत्तर धरत नाहीत. घरातल्याच माणसाने सांगायला हवं."

"घरात ते एकटेच होते."

"म्हणजे सांगायला घरातलं कोणी नाही."

"तेच तर सांगतेय मघापासून."

"अहो, कळतंय मला. पण हे 'प्रतिसाद नाही'मध्ये जातं. त्यांच्या जागी यादीतलं बदली घर घ्या."

"मी शब्द दिला होता त्यांना." मावशी उठल्या आणि दारात थांबल्या. "साहेब, तुम्हीही एकटेच राहता ना?"

साहेबांनी नियमावली उघडली, थोडी चाळली आणि मिटली.

"तुम्ही जेवलात का, मावशी?" त्यांनी विचारलं.

बदली घरात सात माणसं निघाली. सातही ठणठणीत. त्या महिन्यात मृत्युदर किंचित खाली आला.