पितळी आरसा आणि साधनाचे डोळे

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पितळी चौकटीतला, बशीएवढा, दांडीवर फिरणारा, दोन तोंडांचा. माझ्या एका तोंडात माणूस आहे तेवढा दिसतो. दुसऱ्या तोंडाची काच किंचित खोलगट आहे. त्यात जवळ आलेली वस्तू मोठी होऊन दिसते. माझं आयुष्य या दुसऱ्या तोंडामुळेच असं घडलं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, पितळेची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत, माझी चौकट तयार झाली. काच बाहेरून आली. एका म्हाताऱ्या कारागिराने मला चिंचेने घासून चकचकीत केलं आणि माझ्यात स्वतःची मिशी पाहिली. तो माझा पहिला चेहरा.

पुढे मी आमेरला एका लहानशा गेस्टहाउसच्या न्हाणीघरात भिंतीवर लागलो. सकाळी पाहुणे माझ्यासमोर दाढी करायचे, गालाला साबण लावून गुणगुणायचे आणि किल्ला बघायला निघून जायचे. "कितना बढ़िया शीशा है!" असं एक बाई म्हणाली होती. मला ते बरं वाटलं होतं. त्या काळी मला पुष्कळ गोष्टींचं बरं वाटायचं. मग न्हाणीघराला नव्या फरशा आल्या, रुंद आरसे आले, आणि मी एका पोत्यातून जुन्या सामानाच्या दुकानात परत चारदीवारीत आलो. तिथून मला परीक्षितने घेतलं. दाढीसाठी.

परीक्षित मूळचा नागपूरचा. रेल्वेच्या डब्यांची दुरुस्ती होते त्या डेपोत तो कामाला होता. त्याची बायको साधना जयपूरजवळच्या एका लहान स्टेशनावर स्टेशन मास्तर होती. मुलगी मैत्रेयी शाळेत जायची. बदली होऊन ते जयपूरला आले तेव्हा ती इतकी लहान होती की तिची मराठी इथेच, हिंदीच्या मांडीवर बसून वाढली. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये खिडकीजवळ एका खिळ्यावर मला टांगलं. शेजारी बाबासाहेबांची तसबीर होती. घर साधं आणि बोलकं होतं.

साधनाचा डोळा पहिल्यांदा माझ्यासमोर आला तो आंधीच्या दिवसांत. दुपारी आकाश पिवळं झालं होतं आणि साऱ्या शहरावरून वाळू वाहत होती. ती ड्यूटीवरून आली, ओढणी सोडली आणि मला फिरवून माझं मोठं तोंड समोर धरलं. डोळ्यात कचरा गेला असेल म्हणून तिने पापणी ओढून पाहिली. कचरा नव्हता. पापणीची कड लाल होती. पापण्यांच्या मुळाशी बारीक पांढरी खपली होती.

तिने पाण्याचे हबके मारले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. आंधी थांबली, पावसाळा आला आणि गेला, थंडी पडली, डोळे तसेच. सकाळी चिकटलेले, दुपारी जळणारे, संध्याकाळी वाळू भरल्यासारखे. कधी पाणी वाहायचं, कधी इतके कोरडे पडायचे की पापणी लवताना खरखर व्हायची. औषधाच्या दुकानातून तिने थेंब आणले. ते संपले की दुसरे आणले.

मित्रांनो, जळजळ सोसता येते. तिच्यामागून भीती आली, आणि ती काही साधनाला सोसवेना. स्टेशन मास्तरचे डोळे ठराविक काळाने तपासतात. नजर कमी भरली की गाड्यांचं काम काढून घेतात. साधनाच्या घराण्यात हे काम करणारी ती पहिली बाई. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. रूळांवरचे खडे भरण्यात त्यांची उमर गेली. मुलगी हिरवा झेंडा घेऊन फलाटावर उभी आहे, हा फोटो नागपूरच्या घरात दारासमोर लावलेला होता. तो फोटो आता उतरवावा लागेल, असं तिच्या मनाने घेतलं. त्याच्याही पुढे मन गेलं. आपण आंधळ्या होणार.

मग ती तपासत बसू लागली. एक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायची. मग दुसरा झाकून. मग मला उचलायची. उजवा बघायची, डावा बघायची, पुन्हा उजवा. मोबाइलवर लोकांच्या आजारी डोळ्यांचे फोटो शोधून माझ्यातल्या डोळ्याशी ताडून पाहायची.

"काय पाहून राहिली तू पुन्हा?" परीक्षित विचारायचा.

"काही नाही."

"दवाखान्यात चाल न मग. रेल्वेचाच तर आहे."

"तिथं दाखवलं की कागदावर येते. कागदावर आलं की झालं माझं."

काही दिवसांनी त्याने दाढीसाठी प्लास्टिकचा नवा आरसा आणला, आणि मी पूर्णपणे साधनाचा झालो. खिळ्यावरून निघून तिच्या पर्समध्ये गेलो.

हळूहळू तिचं रडणं थांबलं, मग चिडणंही थांबलं. तुम्हाला वाटेल, बरं झालं. पण मी रोज तिचा डोळा नखाएवढ्या अंतरावरून पाहत होतो. त्यात काहीच उरलं नव्हतं. ती डबा भरायची, पोळ्या लाटायची, ड्यूटीला जायची. कानोत्याच्या धरणावर ओळखीच्या मराठी मंडळींची सहल निघाली तर "तिथं वारा असते" म्हणून गेली नाही, आणि गेली नाही याचं वाईटही वाटलं नाही. नागपूरहून भावाचा फोन आला की "जय भीम" म्हणायची आणि पुढचं ऐकत राहायची. आणि मीही तसाच झालो होतो. पूर्वी चेहरा समोर आला की मला थोडं काही वाटायचं. आता फक्त लाल कड दिसायची. दिसायची ती मी दाखवायचो.

एके दिवशी ती खिडकीशी मला घेऊन बसली होती. मैत्रेयी शाळेतून धावत आली आणि तिच्या पाठीशी उभी राहिली.

"आई, माझं सिलेक्शन झालं! कबड्डीत! मतलब, पूर्ण जिल्ह्याच्या टीममध्ये!"

माझ्या खोलगट तोंडात लांबची वस्तू धूसर होते आणि उलटी दिसते. मैत्रेयी माझ्यात होती, मित्रांनो. लहानशी, पुसट, डोकं खाली पाय वर. साधनाला ती दिसली नाही.

"छान," साधना म्हणाली. तिचं बोट पापणीवरच होतं.

मुलीने दप्तर खाली ठेवलं. मग ती आत गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती गोष्ट झाली. साधना दिवसपाळीला होती. तिचं स्टेशन लहान. पुष्कळ गाड्या तिथे न थांबता जातात. अशी गाडी जाते तेव्हा स्टेशन मास्तरने बाहेर येऊन हिरवा झेंडा धरायचा आणि शेवटच्या डब्यापर्यंत गाडी नीट निरखायची. कुठे काही लोंबकळत नाही ना, चाकाशी धूर नाही ना. पलीकडच्या बाजूला रुळांचे सांधे सांभाळणारे पॉइंट्समन पृथ्वीराजजी उभे राहून तेच करायचे. दोघांनी झेंडा दाखवला की ड्रायव्हरला आणि मागच्या गार्डला कळतं की गाडी दोन्ही अंगांनी ठीक आहे.

साधनाने पॅनेलवरची बटणं दाबून सिग्नल दिला. गाडीला अजून अवकाश होता. डोळा जळत होता. तिने मला पर्समधून काढलं. पापणीचा एक केस वाकडा होऊन आत टोचतो आहे असं तिला वाटलं, आणि ती तो केस शोधू लागली.

टेबल थरथरलं. माझी काच थरथरली. बाहेरून डबे धडधडत जात होते, खोलीत उजेड-सावली, उजेड-सावली होत होती. साधना हलली नाही. तिने ऐकलं नाही असं नाही. ते तिच्यापर्यंत पोहोचलंच नाही. गाडी निघून गेली. टेबलावर झेंडा गुंडाळलेला तसाच होता.

वॉकी-टॉकीवर गार्डचा आवाज आला. स्टेशनच्या बाजूने झेंडा दिसला नाही, सगळं ठीक आहे ना?

पृथ्वीराजजी रूळ ओलांडून दारात आले. पन्नाशीचा, शांत माणूस. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या माझ्याकडे.

"मैडमजी, गाड़ी निकल गई."

"हाँ."

"मेरी तरफ से सब ठीक था. मैं बोल देता हूँ, आप पैनल पे थीं. कोई बात नहीं है."

साधना उभी राहिली. मी टेबलावर उताणा पडलो आणि पहिल्यांदा, कितीतरी काळानंतर, मला तिचा पूर्ण चेहरा दिसला. तो पांढरा पडला होता.

"नहीं, पृथ्वीराजजी," ती म्हणाली. "बात है. मैं ही बताऊँगी."

तिने गार्डला सांगितलं. मग गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोल ऑफिसला फोन लावला. गाडी सुखरूप गेली, पण मी बाहेर आले नाही, माझ्या डोळ्यांना बऱ्याच काळापासून त्रास आहे आणि मला तपासणीसाठी पाठवा, असं सगळं हिंदीत, एका सुरात, न अडखळता. आवाजात भीती नव्हती. दुसरंही काही नव्हतं.

घरी परीक्षित भडकला. "कोणी विचारलं होतं का तुले? तो पृथ्वीराज सांभाळून घेत होता न! काहून सांगितलं?"

"आज त्या गाडीच्या एखाद्या डब्याखालून धूर निघत असता तर?" साधना म्हणाली. "आपल्या बाजूनं कोणीच पाहून नव्हतं राहिलं. मी पापणी पाहून राहिली होती, परीक्षित. मला गाडी दिसली नाही. डोळे खराब आहेत म्हणून नाही. मी दुसरीकडं पाहून राहिली होती म्हणून."

परीक्षित स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा राहिला. मैत्रेयी आतल्या खोलीतून ऐकत होती. सकाळी त्याने डेपोत फोन करून रजा टाकली आणि साधनाबरोबर दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या. त्यांनी यंत्रातून पुष्कळ वेळ पाहिलं, अक्षरं वाचून घेतली, रंग ओळखून घेतले. मग खुर्ची ओढून समोर बसल्या. नजर चांगली आहे, त्या म्हणाल्या. पापण्यांच्या कडांना कायमची सूज असते काही जणांना, त्यामुळे डोळ्यातलं पाणी लवकर सुकतं. गरम कपड्याने शेकायचं, कडा हलक्या हाताने साफ करायच्या, सांगितलेले थेंब घालायचे, पापण्या लववत राहायच्या. हे समूळ जाईलच असं नाही. कमी होईल, पुन्हा वाढेल. पण यामुळे तुम्ही आंधळ्या होणार नाही.

"पक्का?" साधनाने विचारलं.

"पक्का." बाईंनी विचारलं, "दिन में कितनी बार देखती हैं?"

परीक्षितनेच तिच्या पर्समधून मला काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी मला उचललं. माझी दांडी साधनाच्या बोटांनी घासून पिवळीधमक झाली होती, बाकी चौकट काळवंडली होती. बाईंना ते दिसलं असावं. त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं; मनाची भीती ऐकून घेणाऱ्या. डोळ्यांइतकंच तेही औषध आहे, असं म्हणाल्या. आणि सकाळी कडा साफ करताना एकदा आरसा घ्यायचा, मग तो दुसऱ्या कोणाकडे द्यायचा.

तेव्हापासून माझा ताबा मैत्रेयीकडे आला.

काही काळ साधनाला गाड्यांच्या कामावरून काढून कचेरीत बसवलं. तिला ठपक्याचं पत्रही मिळालं. ते तिने सही करून घेतलं. मनाच्या डॉक्टरांकडे ती जात राहिली. परीक्षित बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. सुरुवातीला फरक पडला नाही. तिचा हात सारखा पर्सकडे जायचा. "दे न जरासा," ती मैत्रेयीला म्हणायची, आणि पोर घाबरून जायची, कारण आईला नाही कसं म्हणायचं ते तिला येत नव्हतं. एकदा तिने दिला. दुसऱ्यांदा मला उशीखाली दडवून वर बसून राहिली.

शेवटी तपासणी झाली आणि साधना पास झाली. स्टेशनवर परत गेली. गोष्ट इथे गोड होऊन संपावी असं तुम्हाला वाटत असेल. पण तिचे डोळे अजून जळतात.

परवा मोठी आंधी आली. संध्याकाळी साधना घरी आली तेव्हा दोन्ही डोळे इंगळासारखे लाल होते. मैत्रेयी मला पाठीशी धरून उभी होती.

"आई, लाल आहेत. मतलब, नेहमीसारखेच लाल. जास्त नाहीत. आरसा पाहिजे?"

साधनाने हात पुढे केला. मी वाट पाहत होतो. तो हात माझ्यापर्यंत आला नाही. मैत्रेयीच्या गुडघ्यावर खरचटलेलं होतं, माती लागून रक्त सुकलेलं. साधनाने तिथे बोट ठेवलं.

"हे कधी पडली?"

"परसों. मॅचमध्ये."

"जिंकल्या का?"

"हरलो. पण मी दोन पकडी केल्या."

"बैस. सांग मला," साधना म्हणाली. तिने गरम पाण्यात दोन फडकी पिळली. एक मुलीच्या गुडघ्यावर ठेवलं, दुसरं स्वतःच्या मिटलेल्या डोळ्यांवर. मैत्रेयी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सामना सांगू लागली. मला तिने मोठं दाखवणारं तोंड खाली करून फळीवर पालथं ठेवलं.

मित्रांनो, डोळ्यांना जपा. दुखलं तर लपवू नका, योग्य माणसाला दाखवा. घरात कोणी भीतीने गप्प झालं असेल तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि माझ्यासारखा आरसा तुमच्या घरी असेल, तर त्याला पुसा, वापरा आणि खाली ठेवा. त्याला वाईट वाटणार नाही.

मी पालथाच होतो, त्यामुळे मला छताशिवाय काही दिसलं नाही. पण सामना बराच वेळ चालला होता, आणि साधना मध्येमध्ये विचारत होती, "मग? मग पुढं काय झालं?"