पुढच्यानं सांगायचं

दोघांनी मिळून चालवायच्या लांबलचक सायकलीचा एकच कायदा असतो. पुढच्यानं बघायचं आणि सांगायचं, मागच्यानं ऐकायचं आणि पॅडल मारायचं. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय फारसं काही दिसत नाही. घड्याळजींची बायको सव्वीस वर्षं मागं बसली होती. नवऱ्याच्या शर्टावर घाम कुठून कुठं पसरतो ते तिला पाठ होतं, रस्ता मात्र तिनं कधी धड बघितला नव्हता. "खड्डा!" म्हटलं की बूड उचलायचं, "ब्रेक!" म्हटलं की पाय थांबवायचे. घड्याळजी तसे घुमे, पण बारीकसा खडा आला तरी ओरडायचे. भिंगातून घड्याळाच्या चाकांचे दाते मोजण्यात जन्म गेलेला, दुसरं काय होणार!

गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं, हात थरथरतात म्हणून. आणि मग एकाएकी या परक्या देशाचं खूळ डोक्यात घेतलं. नदीच्या उगमापासून समुद्रापर्यंत, तिच्या काठाकाठानं नऊशे किलोमीटर. बायकोलाही हौस होतीच.

सहाव्या दिवशी खड्डा आला आणि आवाज आलाच नाही. थोड्या वेळानं दुसरा. तिसऱ्याला तिची जीभ चावली गेली.

"अहो, मिठाची गुळणी धरलीय का तोंडात? सांगायचं असतं पुढच्यानं!"

"रस्ताच फुटका आहे. किती सांगू?"

हे काही तिला पटलं नाही. तिनं मान बाजूला काढून स्वतःच पुढं बघायला सुरुवात केली, म्हणून दोघं वाचली. गाड्या शिरू नयेत म्हणून सायकलवाटेच्या मधोमध कमरेएवढा लाल-पांढरा खांब रोवला होता, आणि हा माणूस सरळ त्याच्यावरच निघाला होता.

"खांब!" ती किंचाळली. हँडल गर्रकन वळलं आणि सायकल, पिशव्या, नवरा-बायको सगळी गवतात आडवी झाली.

घड्याळजी उठून बसले, कोपर चोळत म्हणाले, "काय होतं?"

खांब त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"आठ महिने. नजरेच्या मधलं जातंय. कडेचं उरेल म्हणाले डॉक्टर." मग खाली बघत म्हणाले, "हात कधी थरथरलेच नाहीत."

"आणि आठ महिने पोटात ठेवलंत? मला मागं बसवून?"

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंस? एकदा समुद्रापर्यंत न्यायची होती तुला. बास."

तिनं तोंडाला येईल ते बोलून घेतलं. तिथं आपली भाषा कळणारं कुणी नव्हतं, हे एक बरं होतं. घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या गावाला स्टेशन असेल. परत जाऊ." इतक्या गरिबीनं त्यांना बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिचा राग तिथंच विरला, नुसतं रडू उरलं.

ते आवरून ती म्हणाली, "पाना काढा. पुढची सीट माझ्या उंचीची करा."

"तू कधी हँडल धरलं नाहीस."

"तुम्ही तरी कुठं मागं बसलात? शिकाल."

घड्याळजींनी बोटांनी चाचपून नट शोधला. सीट खाली घेतली, बायकोला बसवून बघितलं, पुन्हा अर्ध्या बोटानं वर केली. मग मागची स्वतःच्या मापाची केली. हात अगदी स्थिर होते.

पहिला मैलभर सायकल झिंगल्यासारखी चालली. "खड्डा! वळण! खड्डा!" ती जीव मुठीत धरून ओरडत होती. मग वाट सपाट झाली, ती गप्प झाली.

"डावीकडं पांढरं काहीतरी हलतंय," मागून आवाज आला. "काय आहे ते?"

सव्वीस वर्षांत घड्याळजी पहिल्यांदाच तिला रस्त्यावरचं काही विचारत होते.

"चादरी. एक बाई वाळत घालतेय."

"किती?"

"सात. एकीला निळा काठ आहे." सांगता सांगता तिची नजर तिथंच रेंगाळली, आणि दाणकन खड्डा बसला.

"सांगायचं असतं पुढच्यानं," घड्याळजी म्हणाले.

"सांगेन. यापुढं सगळं सांगेन," ती म्हणाली. डोळे पुसायचे होते, पण हँडल सोडता येत नव्हतं.