लाल बटण दाबणारी आई

मित्रांनो, मी एक जुने लाल बटण आहे. परदेशातल्या एका शहराच्या बसमध्ये, मधल्या दारालगतच्या खांबावर मी असते. उतरणाऱ्याने मला दाबले की चालकाजवळ घंटी वाजते आणि बस पुढच्या थांब्यावर थांबते. कोणी दाबले नाही, तर ती सरळ पुढे निघून जाते.

कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग काय लखलखीत होता! शाळेतली पोरे मला उगाचच दाबायची आणि चालक आरशातून डोळे वटारायचा. छत्र्यांच्या टोकांनी टोचून टोचून लोकांनी माझी पार रया घालवली. तरी माझी तक्रार नाही. इतक्या माणसांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी उतरवायला मिळाले, याचे मला समाधान आहे.

त्यातली एक आई मला विसरता येत नाही. ती लेकीकडे परदेशात पहिल्यांदाच आली होती आणि लेक इस्पितळात होती. जावई लहानग्या नातवापाशी घरी, म्हणून ही एकटीच डबा घेऊन निघालेली. ती माझ्या शेजारीच बसली होती. इस्पितळ आले आणि गेलेही. शेवटच्या थांब्यावर तिने जावयाला फोन लावला, तोवर भेटायची वेळ टळली होती.

"बटण दिसलं होतं हो मला," ती म्हणाली. "पण लाल होतं. आपल्याकडे उगाच गाडीची साखळी ओढली तर पोलीस धरतात. म्हटलं, परक्या मुलखात नसती आफत नको."

जावयाने तिला नीट समजावले. तरी डबा तसाच परत नेताना तिचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या पोटाचे ऑपरेशन होते. आत नेण्याआधी आईला लेकीला एकदा बघायचे होते. बस जवळजवळ रिकामी होती. इस्पितळ दिसू लागले, तसे तिचे बोट माझ्याजवळ आले आणि मागे गेले. मला काही स्वतःहून वाजता येत नाही, माझा जीव नुसता टांगणीला लागला. शेवटी तिने डोळे घट्ट मिटले आणि मला असे दाबले, की मी आतच रुतून बसते की काय! घंटी वाजली, बस थांबली. पोलीसबिलीस कोणी आले नाही. उतरताना तिने माझ्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत मला कोणी गोंजारले ते तेवढेच.

लेक बरी झाली. पुढे दोघी तपासणीसाठी माझ्याच बसने जात. एकदा समोर एक नवखे आजोबा पिशवी छातीशी धरून बसले होते. थांबा जवळ आला तसे ते अर्धवट उठले, माझ्याकडे बघून पुन्हा बसले. लेक मला दाबायला निघाली, तर आईने तिचा हात धरला. मग आजोबांना खुणावून ती सरळ आपल्याच भाषेत म्हणाली,

"दाबा हो तुम्हीच. मीही अशीच घाबरले होते."

त्यांना शब्द कळले नसतील, पण त्यांनी दाबले.

मित्रांनो, तुमच्या शेजारी कोणी असा चुळबुळत बसला असेल, तर त्याच्यासाठी घाईने मला दाबू नका. त्याला मी कुठे आहे ते दाखवा आणि जरा थांबा. परक्या गावात स्वतःच्या हाताने बस थांबवली, की माणूस दुसऱ्या दिवशी एकटा घराबाहेर पडतो.