वैष्णवीच्या जागी

गयाबाईने कंगव्याच्या टोकाने स्वप्नालीचा मधला भांग मोडला आणि डावीकडून नवा पाडला. तेल इतकं चोपडलं होतं की केस कपाळाला चिकटून बसले.

“डावीकडूनच पाडायची ना ती?”

“हो.”

“नक्की?”

“हो गं आई. किती वेळा विचारशील?”

नक्की म्हणावं असं काही नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर आईचा हात तिथेच थांबला असता, आणि मग ती कंगवा मांडीवर ठेवून दुपारभर भिंतीकडे बघत बसली असती. ते बघण्यापेक्षा डावीकडचा भांग परवडला, असा स्वप्नालीने हिशेब केला.

पलंगावर निळा पंजाबी ड्रेस काढून ठेवला होता. वैष्णवीने, म्हणजे स्वप्नालीच्या मोठ्या बहिणीने, तो उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या सिंधी टेलरकडे शिवायला टाकला होता. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत उल्हास नदी बदलापूरच्या मांजर्लीत शिरली आणि त्यांचं तळमजल्याचं घर पंख्यापर्यंत बुडालं. घरच्यांना गच्चीवर चढवून वैष्णवी मागच्या खोलीतल्या शेजारणीला, एका म्हातारीला, आणायला पुन्हा खाली उतरली. म्हातारीला लोकांनी वर ओढून घेतलं. वैष्णवीचा हात सुटला. घरातलं सगळं गेलं, टेलरकडचा ड्रेस तेवढा कोरडा राहिला. तो तिने एकदाही अंगाला लावला नव्हता.

फोटो तर एकही उरला नाही. पाणी ओसरल्यावर ट्रंकेतून अल्बम निघाला तो चिखलाचा नुसता गोळा. पानं सोडवायला गेलं की चेहरे बोटांना चिकटून यायचे. शाळेतले कागदही पाण्यात गेले होते. पुढे केव्हातरी कल्याणच्या बाजूला पोर सापडली, तेव्हा वडिलांनी, राजेंद्रने, हातातल्या कड्यावरून तिला ओळखलं आणि तोंडावरचं कापड बायकोला काही केल्या बाजूला करू दिलं नाही. तो अंबरनाथच्या कारखान्यात लोखंड कापणारा गडी, पण त्या दिवसापासून घरात आवाज चढवून बोलेनासा झाला.

दोन वर्षं गयाबाईने मन घट्ट करून काढली. या वर्षी मात्र भलतंच सुरू झालं. एकदा पीठ मळता मळता तिने विचारलं, “वैष्णूच्या हनुवटीला खळी होती का गं?” दुसऱ्या दिवशी विचारलं, “डोळे पप्पांसारखे होते, का माझ्यासारखे?” आणि मग एका सकाळी परात बाजूला सारून ती ढसाढसा रडली.

“तोंडच दिसत नाही गं तिचं. आवाज येतो, चालताना दिसते. पण हाक मारली तरी वळतच नाही माझ्याकडे.”

स्वप्नालीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आई रडत होती म्हणून नव्हे. तिलाही वैष्णूताई हल्ली पाठमोरीच आठवत होती, म्हणून.

त्यावर तोडगा काढला शेजारच्या सगुणाबाईने. ही बाई म्हणजे सगळ्या चाळीचं पंचांग. कुणाकडे बारसं, कुणाकडे भांडण, सगळं तिला आधी कळायचं.

“आमच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे ना, फेटेवाला? ते सासरे नाहीतच मुळी! सासरे गेले तेव्हा फोटो कुठला? स्टुडिओवाला म्हणाला, घरातलं कुणी मिळतंजुळतं आहे का? मग धाकट्या दिरांना बसवलं फेटा बांधून. आज चाळीस वर्षं हार घालतोय. कुणाचं काय बिघडलं? पूर्वी सगळीकडे असंच करायचे. तुझ्याकडे तर तिची सख्खी बहीण आहे.”

आणि तेव्हाच नेमकं शहरातल्या फोटोग्राफी शिकणाऱ्या पोरापोरींचं काम सुरू झालं होतं. बदलापुरातल्या जो येईल त्याचा फोटो काढायचा, एक प्रत त्याला फुकट द्यायची, एक प्रदर्शनात लावायची. भाजीवाले, शिक्षक, चामटोलीचे शेतकरी, सगळे कडक इस्त्री करून जात होते.

राजेंद्रला कळलं तेव्हा तो जेवत होता.

“जित्या पोरीला मेलेलीच्या जागी बसवतेस? अक्कल गहाण ठेवलीस का?”

“मग तुम्ही सांगा कशी होती ती. शेवटचं तोंड तुम्हीच बघितलंत ना? सांगा.”

राजेंद्रचा घास हातातच राहिला. त्याने तो ताटात ठेवला आणि उठून हात धुतले.

तर असा तो ड्रेस पलंगावर आला होता. गेल्या वर्षी स्वप्नालीने गुपचूप घालून पाहिला होता, तेव्हा खांद्यात ढगळ होता. आज तो असा बसला की जणू टेलरने तिचंच माप घेतलं होतं. गयाबाईने ओढणी नीट केली, दोन पावलं मागे सरली आणि हात तोंडावर धरला.

“बाई गं,” ती पुटपुटली.

आयुष्यात कुणी या दोघी बहिणींना सारख्या म्हटल्याचं स्वप्नालीला आठवत नव्हतं.

शाळेच्या हॉलमध्ये खिडकीशी एक पांढरा पडदा आणि पडद्यापुढे एक स्टूल, एवढाच थाट होता. कॅमेऱ्यामागे मीनल नावाची, पाठीवर लांब वेणी असलेली मुलगी होती. सकाळपासून बोलून बोलून तिचा घसा बसला होता.

“आमची एकच पद्धत आहे,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं. मोठ्याने. सांगून झालं की गप्प बसायचं, बस्स. हसायचं नाही, पोझ द्यायची नाही.”

माणूस आपलं नाव उच्चारून गप्प होतो, त्या घटकेला तो सगळ्यात जास्त तोच असतो, असं या मंडळींचं म्हणणं होतं. बटण त्याच घटकेला दाबायचं.

स्वप्नाली स्टुलावर बसली. नावाचं कुणी बोललंच नव्हतं. तिला वाटलं होतं, नुसतं बसायचं, दिसायचं आणि उठायचं. तिने आईकडे पाहिलं. गयाबाईचे डोळे तिच्यावर असे खिळले होते की पापणी लवत नव्हती.

“वैष्णवी,” स्वप्नाली म्हणाली. आवाज घोगरा आला. “वैष्णवी राजेंद्र अहिरे.”

हॉलमध्ये बाकीचे लोक बोलत होते, कुणाचं तरी पोर रडत होतं. पण तिच्या कानात सगळं बंद झालं. पुरात बुडी मारल्यावर व्हावं तसं. खट् आवाज झाला तेव्हा तिने श्वास घेतला.

मीनलने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा काचेत.

“हसायचं नाही म्हटलं होतं ना! पण असू दे, छान आलंय. तू नेहमी अशीच हसतेस का, एका बाजूने?”

“मी हसले नाही.”

“बरं बाई.” मीनलने वहीत नाव लिहून घेतलं. “काकू, घरात अजून कुणी आहे? आणा ना त्यांनाही. बहीण, भाऊ?”

“नाही,” गयाबाई पटकन म्हणाली. “एवढी एकच आहे मला.”

दुसरं काय म्हणणार होती ती बिचारी? खोटं पकडलं गेलं असतं. स्वप्नालीला हे सगळं कळत होतं, आणि कळूनही ती वहीतल्या त्या नावाकडे बघत राहिली. परतीच्या वाटेवर आईने तिचा हात घट्ट धरला होता. असा हात तिने कित्येक वर्षांत धरला नव्हता.

फोटो आला. फ्रेम करून आणला. गयाबाईने तो दोन्ही हातांत धरला आणि तिच्या चेहऱ्यावरून तीन वर्षांचा शीण उतरला.

“वळली,” ती म्हणाली. “वळली गं माझी बाय.”

सगुणाबाई म्हणाली, हुबेहूब! शेजारपाजार म्हणाला, हुबेहूब! राजेंद्रने खिळा ठोकला, फोटो अडकवला, आणि फोटो सरळ आहे का ते न बघता स्टुलावरून उतरला. स्वप्नालीने पाहिलं. फोटोतली मुलगी ओठाचं एक टोक उचलून हसत होती. तिने आरशासमोर तसं करून बघितलं, जमेना.

स्मृतिदिनाला पुण्यानुमोदन ठेवलं. मागच्या दोन्ही खेपांना टेबलावर नुसती वैष्णवीची चिखलातून निघालेली कंपासपेटी ठेवली होती, कारण फुलं कशापुढे वाहायची? या वेळी फोटो होता, पांढऱ्या चादरीवर, पुढे मेणबत्ती. त्रिशरण-पंचशील झालं आणि एकेक जण फूल वाहायला उठला. लोक फोटोकडे बघत, मग दाराशी उभ्या असलेल्या स्वप्नालीकडे, आणि नजर खाली घालत. कोपऱ्यातली एक म्हातारी, गावाकडची लांबची आजी, तिने जाता जाता स्वप्नालीचं मनगट धरलं आणि जरा वेळ धरूनच ठेवलं.

“गरम आहे,” ती स्वतःशीच म्हणाली आणि पुढे गेली.

शेवटी स्वप्नालीची पाळी आली. तिने ओंजळीतली फुलं आपल्याच तोंडापुढे ठेवली आणि हात जोडले. मागे आई रडत होती, पण कसं? सुटल्यासारखं. गयाबाई त्या दिवशी दोन वाट्या खीर जेवली. त्या दिवसापासून ती झोपायला लागली, दारात बसून बायकांशी बोलायला लागली, एकदा तर गाणंही गुणगुणली.

आणि स्वप्नाली? तिचा मधला भांग काही केल्या टिकेना. सकाळी पाडावा, दुपारपर्यंत केस आपले डावीकडे. एकदा ती स्टेशनजवळ कोथिंबीर घेत होती, तेव्हा मागून हाक आली, “वैष्णवी!” आणि ती वळली. मीनल होती, कॅमेरा गळ्यात. “प्रदर्शन लागलंय, बघायला ये. तुझा फोटो अगदी दाराशीच आहे,” म्हणाली. स्वप्नालीने मान डोलावली. मीनल दिसेनाशी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला वळताना जरासुद्धा अडखळायला झालं नाही. मग तिला खरी भीती वाटली. ती कोथिंबीर तिथेच टाकून घरी पळत आली आणि दार लावून आपलं नाव दोन-तीनदा मोठ्याने म्हणाली.

प्रदर्शन संपल्यावर पुढच्या रविवारी दारात एक मुलगी उभी राहिली. वैष्णवीची शाळेतली मैत्रीण, किर्ती. पुरानंतर तिच्या घरच्यांनी मांजर्ली सोडली आणि ते अंबरनाथला बुवापाड्यात राहायला गेले होते. ती बसली, पाणी प्यायली, पण तिचे डोळे भिंतीवर.

“काकू, मी प्रदर्शनाला गेले होते. तिथे वैष्णवीचं नाव दिसलं. म्हटलं, असं कसं? फोटोत तर...” ती थांबली. तिने स्वप्नालीकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं असावं. पर्समधून तिने एक पाकीट काढलं. “तुमच्याकडे एकही नसेल हे मला माहीतच नव्हतं, शप्पथ. नाहीतर कधीच आणला असता. माझ्या मामाने रोल संपवायला म्हणून काढला होता. आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर.”

फोटो आधी स्वप्नालीच्या हातात आला.

उन्हाने डोळे बारीक केलेली, सावळी, रुंद कपाळाची मुलगी. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. उजव्या भुवईत लहानपणीच्या पडण्याची खोक. अगदी पप्पांचं तोंड. भांग मधोमध.

ताई! तीन वर्षांनी वैष्णूताई स्वप्नालीकडे तोंड करून उभी होती. किती वेगळी होती! कशी विसरलो आपण? आता सगळं सांगता येणार होतं. भिंतीवरचा फोटो उतरणार होता, हार निघणार होता. आपण पुन्हा आपल्या जागी.

राजेंद्र तिच्या खांद्यावरून डोकावला. त्याच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तो तसाच मागच्या मोरीत गेला आणि त्याने नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

“बघू,” गयाबाई म्हणाली. फोटो घेऊन ती उजेडाला, दाराशी गेली. तिने तो जवळ धरला, लांब धरला, अंगठ्याने भुवईवर पुसल्यासारखं केलं.

“कोण गं ही?”

किर्ती हसली, थट्टा आहे असं समजून. “काकू, वैष्णवी!”

गयाबाईही हसली. मायेने, चुकलेल्या पोराला हसावं तशी. तिने बोटाने भिंत दाखवली. “वैष्णू ही, बाय. तुला आठवत नसेल आता. लहान होता गं तुम्ही. चेहरे विसरतात.”

किर्तीने स्वप्नालीकडे पाहिलं, तू सांग म्हणून. स्वप्नालीने तोंड उघडलं. आईचे गाल पुन्हा भरले होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं, आणि ती शांतपणे उत्तराची वाट बघत होती.

“दुसऱ्या कुणाचा तरी असेल, किर्ती,” स्वप्नाली म्हणाली. “पाकिटं बदलली असतील.”

“हां, तसंच झालं असणार.” गयाबाईने पदराने फोटोवरचे आपल्या बोटांचे डाग पुसले, तो जपून पाकिटात घातला आणि किर्तीच्या हातात दिला. “पण हरवू नको हो. ज्याचा त्याला नेऊन दे. गोड पोर आहे. तिची आई शोधत असेल गं.”