जबीबाचं पोट आणि गल्लीतले पाव

जबीबाचं पोट पुन्हा बिघडलं, तेव्हा मोंजियाबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून ढसाढसा रडल्या. महदिया या बंदराच्या गावातल्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज चढला की बंदरावरचे दांडगे कोळीसुद्धा मान खाली घालत, कारण त्यांच्या बायका बाईंच्याच हाताखालून गेलेल्या. अशी बाई एका भटक्या कुत्रीच्या जुलाबापायी रडते, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. पण या खेपेला रक्त पडत होतं.

जनावरांच्या डॉक्टरीण रिम येऊन गेल्या. त्याही बाईंच्याच विद्यार्थिनी, तरी आज त्यांनी भीडभाड ठेवली नाही.

"बाई, जंत नाहीत, ताप नाही, सगळं तपासून झालं. आतडंच पार नाजूक झालंय हिचं. उकडलेला भात आणि बिनचरबीची कोंबडी, बास. तेल नाही, हरिशाचा तिखट ठेचा नाही, पाव तर मुळीच नाही. आणखी एकदा असं झालं तर माझ्याकडून आशा धरू नका."

"अगं, घरात पावाचा चुरासुद्धा ठेवत नाही मी. स्वतः भात गिळतेय!"

खोटं नव्हतं ते. घर स्वच्छ होतं, खोट होती ती गल्लीत. तिथली रीतच अशी, पाव पायदळी येऊ द्यायचा नाही आणि कचऱ्यात तर नाहीच नाही. पडलेला दिसला की उचलायचा, ओठांना लावायचा आणि जवळच्या खिडकीच्या कडेवर ठेवायचा. घरातला उरलेलाही तिथेच. मेंढ्यांसाठी पाव गोळा करणारा गाडीवाला येईल तेव्हा येईल. जबीबाचं सगळं लहानपण या कडांवरच पोसलेलं. शिवाय ती घरात घाण करायची नाही, इतकी शहाणी. म्हणजे पोट बिघडलं की तिला सारखं बाहेर न्यायचं, आणि बाहेर नेलं की ती कुठल्यातरी कडेवरचा टूना माशाच्या तेलात आणि हरिशात माखलेला तुकडा गट्ट करणार. बाई दोरी ओढेपर्यंत खेळ खलास. आजार तिला पावाकडे न्यायचा आणि पाव आजाराकडे.

डॉक्टरीणबाईंनी मुसकं दिलं होतं. बाईंनी ते एकदाच घालून पाहिलं. जबीबा त्यांना बंदरावर सापडली तेव्हा तिचं तोंड कुणी हरामखोराने तारेने आवळून ठेवलेलं होतं, आणि ती तार बाईंनी स्वतः पकडीने तोडली होती. मुसकं चढवल्यावर जबीबाने झटापट केली नाही. जमिनीला चिकटून पडली, डोळे मिटले आणि जागच्या जागी मुतली. बाईंनी ते काढून गच्चीवर भिरकावून दिलं आणि तिला पोटाशी धरून किती वेळ बसल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

मग त्या घरोघर गेल्या. पदर पसरायची सवय नव्हती, म्हणून सरळ सांगितलं, माझी कुत्री मरेल, खिडकीवर पाव ठेवू नका.

"घ्या!" किराणावाला हम्मादी गिऱ्हाइकांसमोर हसत सुटला. "कुत्रीच्या पोटासाठी आम्ही देवाचं अन्न लाथाडायचं? उद्या मांजरीच्या घशात माशाचा काटा अडकला तर बंदरच बंद कराल, बाई!"

शेजारची शादलिया हसली नाही. "नाही ठेवणार, बाई, शप्पत," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच खिडकीवर अर्धा पाव. खोडसाळपणा नव्हता त्यात. हात आपोआप जातो. खुद्द बाईंनी एकदा पडलेला तुकडा उचलून, ओठांना लावून कडेवर ठेवला होता, आणि जबीबा शेजारीच उभी!

शेवटी बाईंनी एक कापडी पिशवी घेतली. कुत्रीला बाहेर काढायच्या आधी गल्लीभर फिरायचं, कडांवरचे सगळे पाव उचलायचे आणि गाडीवाल्यासाठी वर माळ्यावर कोंबायचे. जबीबाचं पोट सुधारलं, शेपटी हलू लागली. बाईंना वाटलं, जिंकले.

पण गल्लीला डोळे असतात. बाई पहाटे पाव गोळा करतात! पेन्शन अडकली असणार. फ्रान्सातला मुलगा विचारत नसणार. विचारायला मात्र कुणी आलं नाही. बाईंना तोंडावर विचारायची छाती कुणाची? त्यापेक्षा गुपचूप दाराच्या कडीला पिशवी बांधलेली बरी. ताजा पाव, त्यात टूना, अंडं, हरिसा, वरून तेलाची धार. उपाशी बाईसाठी कुणी हात आखडता घेत नाही.

बाईंनी दार उघडलं ते जबीबाला घाई झाली म्हणून. पिशवी नेमकी तिच्या नाकासमोर. बाई किल्ली शोधायला वळल्या तेवढ्यात जबीबाने पिशवीच्या प्लास्टिकसकट सगळं संपवलं.

संध्याकाळी ती सलाइन लावून पडली होती. डॉक्टरीणबाईंनी जाताना बाईंचा खांदा दाबला. एवढ्यात शादलिया शिजवलेल्या रव्याच्या कुसकुसाची थाळी झाकून घेऊन आली. तिने कुत्री पाहिली, पिशवीची उरलेली चिंधी पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"माझीच पिशवी ती, बाई. मला वाटलं, तुम्ही... तुमच्या घरात..."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उपाशी? माझी पेन्शन तुझ्या नवऱ्याच्या कमाईहून जास्त आहे, माझा मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो, हे सगळं ओठांवर आलं. पण खरं तर त्यांनी आधीच सांगून पाहिलं होतं, दारोदार. कुत्रीसाठी या गल्लीतला एकही हात थांबला नव्हता. आणि मोंजिया उपाशी आहे म्हटल्यावर तीच गल्ली पहाटे उठून पाव भरायला तयार होती.

जबीबा कण्हली. बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला.

"खरं आहे तुझं, शादलिया," त्या म्हणाल्या. "उपाशीच असते मी."

शादलियाने तोंडावर हात नेला.

"पण खिडकीवरचं उचलताना लाज वाटते गं. सगळ्यांना सांग. कडेवर ठेवू नका, दाराला बांधू नका. घरात जे काही उरेल ते माझ्याकडे आणा, दार वाजवा आणि हातात द्या. तेवढं कराल माझ्यासाठी?"

"हातात? तुमच्या?"

"माझ्या."

शादलिया रडतच धावली. बाईंना गल्लीत तिचा आवाज ऐकू येत राहिला, या दारावरून त्या दारावर. एकेक खिडकी उघडल्याचे आवाज आले. कुणी हसलं नाही.

जबीबाचा श्वास चालू होता. दारावर थाप पडली. बाहेर हम्मादी उभा होता, मान खाली, हातात पाव. मोंजियाबाईंनी डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि दोन्ही हात पुढे केले.

"देव तुझं भलं करो, बाळा," त्या म्हणाल्या.